दगड, कागद, कात्री आणि कोपर

मे महिन्यातली संध्याकाळ. मीरा रोड पूर्वेला कुठल्याही सोसायटीच्या फाटकातून आत डोकावलं तर चित्र साधारण सारखंच दिसतं. मधल्या चौकात पेव्हर ब्लॉक, एका कडेला स्कुटरांची रांग, दुसऱ्या कडेला घसरगुंडी आणि झोपाळा, आणि या सगळ्यातून वाट काढत धावणारी पंचवीस-तीस पोरं. घसरगुंडीवर खालून उलटं चढणं हा त्यांचा लाडका उद्योग. वॉचमन दोनदा ओरडतो, तिसऱ्यांदा सोडून देतो. मग धप्प असा आवाज होतो, क्षणभर सगळे गप्प होतात आणि एक पोर उजव्या हाताने डावा हात पोटाशी घट्ट धरून उभं राहतं. रडू जरा उशिराच फुटतं.

ते पोर हात कसा धरून आलंय, यावरूनच अनुभवी डॉक्टरांना अर्धं निदान सुचतं. पडताना माणूस आपोआप हात पुढे टेकतो. मोठ्यांचं अशा वेळी मनगट मोडतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे सांधे लवचिक असतात, त्यामुळे कोपर सरळ होऊन थांबत नाही, थोडं उलट्या बाजूला वाकतं. त्या क्षणी पुढच्या हाताच्या हाडाचं मागचं टोक, म्हणजे आपण टेबलावर टेकतो ते कोपराचं टोक, दंडाच्या हाडात पहारीसारखं रुततं. नेमकं तिथेच दंडाचं हाड सगळ्यात अशक्त असतं. त्याला पुढून एक खळगा असतो, मागून एक, आणि दोन्हींच्या मध्ये उरतो तो पापडासारखा पातळ पडदा. पहार बसली की पापड मोडणारच. कोपराच्या सांध्याच्या जेमतेम वर होणाऱ्या या फ्रॅक्चरला डॉक्टर सुप्राकॉन्डायलर म्हणतात. लहान मुलांच्या कोपराजवळच्या फ्रॅक्चरमध्ये निम्म्याहून अधिक याच जातीची असतात. पाच ते सात हे त्याचं लाडकं वय आणि उजव्यापेक्षा डावा हात जास्त वेळा सापडतो.

हे सगळं मीरा-भाईंदरच्या संदर्भात सांगायचं कारण म्हणजे हे शहर. एकेकाळी मिठागरं, भातशेती आणि उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळ्यांची गावं, एवढाच याचा पसारा. १९८५ साली इथे नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. स्वस्त घर हवं म्हणून मुंबईतून सरकत आलेल्या तरुण जोडप्यांचं शहर, तेव्हा लहान मुलं भरपूर. जमीन थोडी आणि तीही बहुतेक ठिकाणी फरसबंद. मातीत पडणारं मूल आणि पेव्हर ब्लॉकवर पडणारं मूल यांच्या नशिबात फरक असतोच.

पण सगळा दोष खेळाच्या जागेवर टाकून चालत नाही. लहानग्यांचे कितीतरी अपघात घरातच होतात. सोफ्याच्या पाठीवरून उडी, पलंगावरून पलंगावर झेप, दोन मजली पलंगाची शिडी. २०२० च्या टाळेबंदीत मैदानं ओस पडली, तेव्हा अनेक देशांतल्या रुग्णालयांनी हेच नोंदवलं: बागेतली फ्रॅक्चरं घटली आणि एकूण फ्रॅक्चरांत घरातल्या पडण्याचा वाटा वाढला. पश्चिमेकडे लटकून पुढे जायच्या लोखंडी दांड्या आणि ट्रॅम्पोलिन ही दोन बदनाम नावं. ट्रॅम्पोलिन आता मुंबईच्या उपनगरांतल्या मॉलमध्येही आलं आहे. आपल्याकडे त्यात सणांची भर पडते. संक्रांतीला पतंगाकडे बघत मागे मागे सरकणारी मुलं, आणि गोविंदांच्या सगळ्यात वरच्या थरावर चढवलेलं सगळ्यात हलकं पोर. त्या पोराचा प्रश्न तर न्यायालयापर्यंत गेला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवायला मनाई केली होती. २०१७ साली राज्य सरकारच्या हमीनंतर ही मर्यादा १४ वर्षांवर आली. कोपराच्या फ्रॅक्चरचं सगळ्यात धोक्याचं वय त्या रेषेच्या बरंच खाली आहे, एवढं तरी बरं.

आता फाटकापाशी उभ्या त्या पोराकडे परत येऊ. पुढचा अर्धा-पाऊण तास फार मोलाचा असतो आणि तो डॉक्टरांच्या हातात नसतो, शेजाऱ्यांच्या हातात असतो. कोणीतरी हात सरळ करून बघतं. कोणी म्हणतं, बोटं हलतायत ना, मग मुका मार आहे. एक आजी आंबेहळद उगाळायला घेतात. एक काकू पोराला गप्प करायला बिस्किटाचा पुडा आणि ग्लासभर दूध देतात. यातल्या शेवटच्या मायेची किंमत रुग्णालयात गेल्यावर कळते. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. दुधा-बिस्किटावर सहा तास तरी थांबावं लागतं, आणि भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघत बसतात.

करायच्या गोष्टी खरं तर फार थोड्या आहेत. हात ज्या स्थितीत मुलाने धरलाय त्याच स्थितीत, अर्धवट वाकलेला, पुठ्ठ्याचा किंवा घडी घातलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन ओढणीच्या झोळीत ठेवायचा. ओढायचा नाही, चोळायचा नाही. आणि मनगटात बांगडी, कडं किंवा नजर लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा असेल तर तो आधी कापायचा. तासाभरात हात असा सुजतो की दोरा मांसात रुतून बसतो आणि मग तो कात्रीनेही हाती लागत नाही. नजरेचा दोरा कापायला आजी तयार होत नाहीत, ही वेगळी अडचण.

रुग्णालयात पोचल्यावर एक गंमत घडते. डॉक्टर एक्स-रेच्या आधी मुलाशी खेळायला लागतात. दगड कर बघू. आता कागद. आता कात्री. शेवटी अंगठा आणि तर्जनी जोडून ‘ओके’ची गोल खूण. आईबापांना वाटतं, डॉक्टर लहान मुलाला रमवतायत. रमवतातच, पण त्या चार खुणांत हाताच्या नसांची तपासणी उरकलेली असते. मूठ वळली म्हणजे मिडियन नस शाबूत, पंजा ताठ उघडला म्हणजे रेडियल, कात्री झाली म्हणजे अल्नर. ‘ओके’ची गोल खूण नीट जमली नाही, अंगठा आणि बोटाची टोकं वाकायच्या ऐवजी सपाट चिकटली, तर मिडियनच्या एका बारीक फांदीला धक्का लागलाय. या फ्रॅक्चरमध्ये सगळ्यात जास्त वेळा दुखावते ती हीच फांदी. मुलाला हात बधिर वाटत नाही, म्हणून विचारून ते कधीच कळत नाही. खेळातच कळतं. बहुतेक नसा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप जाग्या होतात, पण ऑपरेशनच्या आधी कोणती झोपली होती हे कागदावर असलेलं बरं.

नसांइतकीच महत्त्वाची नाडी. मोडलेल्या हाडाची टोकदार कड पुढे घुसते आणि कोपराच्या पुढूनच हाताला रक्त नेणारी मुख्य धमनी जाते. मनगटाला नाडी लागत नाही, पण पंजा गुलाबी आणि गरम आहे, अशी मुलं येतात. हाड जागेवर बसलं की अशा बहुतेकांची नाडी परत येते. पंजा पांढरा आणि थंड असेल तर मात्र क्षणाचाही उशीर चालत नाही. या दोन रंगांतला फरक शेजाऱ्यालाही ओळखता येतो: दुसरा तळवा शेजारी धरून बघायचा.

इतकं सगळं असताना माणसं हाडवैद्याकडे का जातात? अडाणीपणा हे सोपं उत्तर झालं आणि ते पुरतं खरं नाही. हाडवैद्याच्या कीर्तीत एका वेगळ्याच दुखण्याचा वाटा असावा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला गर्दीच्या लोकलमध्ये चढवताना किंवा रिक्षातून उतरवताना मनगटाला धरून झटकन ओढलं की कोपरातलं एक हाड आपल्या गोफणीतून किंचित निसटतं. मूल हात हलवत नाही, लोंबता ठेवतं. एक्स-रेत काही दिसत नाही. जाणत्या हाताने पुढचा हात फिरवला, कोपर वाकवलं की ‘टक्’ होतं आणि पाच मिनिटांत मूल त्याच हाताने चॉकलेट मागतं. डॉक्टरही हे असंच बसवतात, पण ज्याच्या ओट्यावर हे घडलं त्याचं नाव गल्लीभर होतं. दुसरं असं की न सरकलेली बारीक फ्रॅक्चरं कशीही बांधली तरी तीन आठवड्यांत जुळतात. त्याचंही श्रेय बांधणाऱ्यालाच. मग तिसरं मूल येतं, ज्याचं हाड पूर्ण सुटून मागे सरकलंय. त्यालाही तसंच चोळलं जातं आणि बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलं जातं.

करकचून बांधल्यावर काय होतं, याचं शास्त्रीय वर्णन १८८१ साली जर्मनीतल्या हाल्ले इथले शल्यविशारद रिशार्ड फॉन फोल्कमान यांनी केलं. आत सूज वाढते, बाहेरची पट्टी पसरू देत नाही, पुढच्या हाताच्या स्नायूंचं रक्त तुटतं आणि काही तासांत ते मरायला लागतात. मेलेला स्नायू आखडतो, मनगट वाकतं, बोटं पंज्यासारखी वळतात आणि आयुष्यभर तशीच राहतात. हाड उत्तम जुळलेलं असतं, हात मात्र गेलेला असतो. फोल्कमान हा गडी मोठा विलक्षण. १८७०-७१ च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धात सैन्याचा डॉक्टर असताना त्याने मुलांसाठी परीकथा लिहिल्या आणि ‘रिशार्ड लेआंडर’ या टोपणनावाने छापल्या. जर्मन घरांत त्या पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या.

फोल्कमानच्या कित्येक शतकं आधी सुश्रुतानेही हे सांगून ठेवलं होतं. सुश्रुतसंहितेत हाडं मोडण्याचे बारा आणि सांधे निखळण्याचे सहा प्रकार दिले आहेत. बांबूच्या आणि झाडांच्या सालींच्या पट्ट्या लावायची रीत दिली आहे, आणि बंध किती घट्ट असावा हेही. सैल बांधलं तर सांधा स्थिर राहत नाही, फार आवळलं तर सूज, ठणका आणि पू. थंडीत सात, मध्यम ऋतूत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलायचा. परंपरेचा हवाला देऊन कामट्या आवळणाऱ्याने ही परंपरा वाचलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

आवळण्याचं पाप प्लास्टरच्या हातूनही घडू शकतं. म्हणूनच ताज्या फ्रॅक्चरला आधी कच्चं प्लास्टर लावतात, म्हणजे एका बाजूने आधार आणि वरून पट्टी, सूज आली तर सैल करता येईल असं. घरी गेल्यावर मूल बेचैन झालं, समजूत काढूनही शांत होईना, दुखण्याचं औषध दिल्यावर तासाभरात पुन्हा मागायला लागलं, तर ते हट्टी नाही. पट्टी सोडायची आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं.

उपचारांची गोष्ट मोठ्या मजेशीर वळणांनी गेली आहे. १९५९ साली जॉन गार्टलँड या अमेरिकी डॉक्टरांनी या फ्रॅक्चरचे तीन प्रकार पाडले: न सरकलेलं, मागे झुकलेलं पण मागच्या बाजूने धरून असलेलं, आणि पूर्ण सुटलेलं. एरवी जखमांत मुरलेले डॉक्टरसुद्धा या फ्रॅक्चरसमोर बिचकतात, असंही त्यांनी नोंदवलं होतं. आजही कुठल्याही अस्थिव्यंग विभागात ‘टाइप थ्री आलंय’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. त्या काळी पर्याय दोनच. हाड ओढून बसवायचं आणि कोपर पूर्ण दुमडून प्लास्टर करायचं. पण दुमडलं की धमनी दबते आणि सोडलं की हाड सरकतं. नाहीतर हाताला वजन टांगून दोन-तीन आठवडे वॉर्डात झोपवायचं. सहा वर्षांच्या मुलाला तीन आठवडे झोपवणं म्हणजे काय, ते त्याच्या आईला विचारावं.

सुटका झाली ती एका तारेने. मार्टिन किर्शनर या जर्मन शल्यविशारदाने १९०९ साली हाडं ताणून धरायला गुळगुळीत बारीक तार आणली. आज तिला सगळे के-वायर म्हणतात. १९४८ साली अमेरिकेत स्वेन्सन यांनी ती कातडीतून थेट कोपराच्या हाडात घालायची रीत मांडली. पण आत हाड कुठे आहे ते दिसल्याशिवाय तार मारणं म्हणजे अंधारात सुई ओवणं. ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणारं सी-आर्म हे यंत्र आलं आणि ही रीत खऱ्या अर्थाने रुळली. आधी मोठ्या शहरांत, मग तालुक्याच्या नर्सिंग होमपर्यंत. जे हाड पूर्वी कापून उघडावं लागे ते आता बहुतेक वेळा न उघडता बसतं. उघडायची पाळी मुख्यतः तीनदा येते: हाड बाहेर आलंय, धमनी अडकलीय, किंवा मूल आठ-दहा दिवस चोळून-बांधून झाल्यावर आलंय.

ऑपरेशन प्रत्यक्षात पाहिलं तर थोडं निराशच व्हायला होतं, इतकं ते साधं दिसतं. मूल भुलीखाली. एक जण दंड धरतो, दुसरा पुढचा हात सावकाश ओढतो, मिनिट-दोन मिनिटं, घाई न करता. हाडाचं टोक स्नायूत अडकलं असेल तर दंडाचं मांस वरून खाली पिळत आणतात, गाईची धार काढावी तसं. मग आडवी सरक दुरुस्त करायची, अंगठा कोपराच्या टोकावर ठेवून पुढे ढकलायचं आणि कोपर दुमडायचं. पडद्यावर हाड खटकन जागेवर दिसतं. तसंच धरून बाहेरच्या बाजूने दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन किंवा तीन तारा, एकमेकींपासून फाकवून, ड्रिलने आत. बाहेर राहिलेली टोकं वाकवून कापायची. टाका एकही नाही. वर कच्चं प्लास्टर, कोपर काटकोनापेक्षा थोडं सैल ठेवून. दुसऱ्या दिवशी बहुतेक मुलं घरी.

तारा दोन्ही बाजूंनी मारायच्या की एकाच, हा वाद डॉक्टरांत वर्षानुवर्षं रंगला. दोन्हीकडून मारल्या तर पकड भक्कम, पण आतल्या बाजूला अल्नर नस जाते, ती तारेखाली सापडू शकते. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना २००७ साली छापून आली. दोन्ही पद्धतींच्या निकालात लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. हल्ली कल बाहेरच्या बाजूच्या तारांकडे आहे. आईबापांना छळणारा वाद दुसराच असतो: रात्री अकराला आणलंय, तर आत्ता का नाही करत? पूर्वी करायचेच. २००१ साली सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी आकडे तपासून दाखवलं की पंजाचा रक्तपुरवठा ठीक असेल तर सकाळपर्यंत थांबल्याने गुंतागुंत वाढत नाही. ‘सकाळी पहिली केस घेऊ’ असं डॉक्टर म्हणाले तर ते टाळत नसतात. ताजं पथक, नीट भूल आणि चालू सी-आर्म हे मध्यरात्रीच्या धावपळीपेक्षा बरं असतं.

बदल आणखी एक. मधल्या प्रकाराचं, झुकलेलं पण धरून असलेलं फ्रॅक्चर पूर्वी बहुधा प्लास्टरवर सोडत. आता त्यालाही तारा मारण्याकडे ओढा वाढलाय. हाडाच्या या टोकाकडून दंडाची जेमतेम वीस टक्के वाढ होते, बाकीची खांद्याकडून. म्हणून इथे राहिलेला वाकडेपणा वाढीबरोबर फारसा भरून निघत नाही. कोपर आतल्या बाजूला झुकलं तर हात बंदुकीच्या दस्त्यासारखा दिसतो. काम अडत नाही, पण मूल पूर्ण बाहीचे शर्ट मागायला लागतं. पुढे हाडाची पाचर कापून तो सरळ करता येतो, मात्र ते ऑपरेशन पहिल्याच्या कितीतरी पट मोठं.

या सगळ्यात एक लबाड भाऊबंद आहे: कोपराच्या बाहेरच्या बाजूचं, लॅटरल कॉन्डाइलचं फ्रॅक्चर. सूज कमी, मूल हात थोडाफार हलवतं आणि एक्स-रेत फक्त एक बारीक कपची दिसते, कारण त्या वयात कोपर बरंचसं कूर्चेचं असतं आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. हाडाची बीजं वर्षागणिक एकेक उगवतात, ढोबळमानाने पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या वर्षी. म्हणून डॉक्टर कधी कधी चांगल्या हाताचाही एक्स-रे काढायला सांगतात. बिल वाढवायला सांगितलंय असं वाटणं स्वाभाविक आहे, पण त्याच मुलाचं दुसरं कोपर हाच त्याचा खरा नकाशा. हे फ्रॅक्चर दोन मिलिमीटरहून जास्त सरकलेलं असताना सुटून गेलं तर जुळतच नाही, हात बाहेरच्या बाजूला वाकतो आणि वीस-पंचवीस वर्षांनी करंगळी बधिर व्हायला लागते. तोवर घसरगुंडी कोणाच्या लक्षातही नसते.

मीरा-भाईंदरकरांना पूर्वी अशा वेळी दक्षिणेकडे पळावं लागे, बोरिवलीला भगवती, नाहीतर थेट परळला केईएम किंवा १९२९ पासून मुलांसाठी चालणारं वाडिया. आता भाईंदर पश्चिमेला टेंभा इथे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, मीरा रोडला भक्तिवेदान्तसारखी मोठी खासगी रुग्णालयं आहेत. उत्तन-चौकच्या पोराला मात्र आधी खाडीकाठचा रस्ता कापून भाईंदरला यावं लागतं, आणि तो वेळही हिशेबात धरायला हवा.

तीन-चार आठवड्यांनी तारा काढतात, ओपीडीतच, भूल न देता. मूल प्लास्टर कापण्याच्या यंत्राच्या आवाजालाच जास्त भितं. पकडीने टोक धरलं, सरळ ओढलं, दोन सेकंद, संपलं. भोकांवर दोन चिकटपट्ट्या. कोपर तेव्हा लाकडासारखं ताठलेलं असतं आणि घरात तेलाची बाटली तयार असते. डॉक्टरांची सगळ्यात कडक सूचना याच वेळी येते: मालीश नाही, जोर लावून सरळ करणं नाही. ताज्या जखमेभोवती चोळलं की स्नायूतच हाड धरतं आणि कोपर कायमचं अडकू शकतं. मुलाला जेवताना त्याच हाताने घास घेऊ द्यायचा, आंघोळीचा तांब्या उचलू द्यायचा, बस. काही आठवडे ते घासापर्यंत मान खाली आणतं, मग हळूहळू हात वर यायला लागतो. काढलेल्या तारा काही डॉक्टर धुऊन छोट्या डबीत घालून देतात. ती डबी दुसऱ्या दिवशी शाळेत जाते आणि मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गात फिरते.